अंबरनाथमध्ये पडायचं तर

आमच्या शेजारच्या ड्रेसरकाकांना कळल्याशिवाय अंबरनाथमध्ये पडायची कुणाची बिशाद नव्हती. लढाईच्या काळात काकांनी लष्करी छावणीच्या इस्पितळात मलमपट्ट्या केल्या. पुढे छावणी उठली, तिथे सिंधी निर्वासित येऊन उल्हासनगर वसलं, काका कारखान्याच्या दवाखान्यात लागले. पण त्यांची लढाई काही संपली नाही. कुठे धप्प आवाज झाला की ते भरल्या ताटावरून धावत. पडलेल्याला उभं करायला, पाणी पाजायला, छातीला उपरणं करकचून बांधायला जमलेल्या मंडळींना ते असे हाकलत की त्यातले दोघेतिघे नव्याने पडत. मग सदरा उघडून, डोळे छातीच्या रेषेत आणून, दोन्ही बाजू सारख्या वर येतात का ते बघत बसायचे. घड्याळ लावून श्वास मोजायचे, ओठ निळे पडलेत का पाहायचे, बरगड्यांवर तळवा ठेवून आत काही करकरतंय का ते चाचपायचे. म्हणायचे, "हाड लगेच ओरडतं. फुफ्फुस दोन तासांनी सांगतं."

म्हणून काका दोन तास उठायचेच नाहीत. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधला एक कापडवाला बराकीची कौलं शाकारताना घसरला. "कुछ नहीं हुआ, साईं," म्हणत तो धंद्याला निघाला, तर काकांनी त्याला त्याच्याच कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून बसवलं आणि समोर ठाण मांडलं. आल्यागेल्याला पापड आणि पाणी द्यायची त्या घरची रीत. काकांनी एकवीस पापड खाल्ले. कापडवाला ठणठणीत निघाला. आठवडाभर पोट धरून हिंडले ते काका.

आणि हेच काका पन्नाशीत, बदलापूरला माझ्या मामांच्या मळ्यात, जांभळाच्या झाडावर चढले. जांभळाची फांदी सांगून मोडत नाही. खाली आलेले काका उठले, धोतर झटकलं, स्वतःच्या बरगड्या स्वतःच चाचपल्या आणि काही झालेलं नाही असा निकाल दिला. आम्ही सगळे हसलो. हसल्या नाहीत त्या फक्त काकू.

"तीस वर्षं ऐकतेय यांना," त्या मला म्हणाल्या. "चार शब्दांवर दम घ्यायला थांबले, ते आज पहिल्यांदा. सदरा उघड त्यांचा."

मी दोन्ही बाजूंना तळवे ठेवले. उजवा वर येत होता. डावा जागचा हलेना. काकांनी माझा चेहरा वाचला आणि जन्मात पहिल्यांदा वाद घातला नाही.

मामांनी गाडी जुंपली. पोत्यांना टेकवून, बसतं ठेवूनच त्यांना स्टेशनावर आणि तिथून कल्याणच्या इस्पितळात नेलं. काकूंचा हात सारा वेळ त्यांच्या बरगड्यांवर.

"कसं दिसतंय गं?" काकांनी वाटेत विचारलं.

"तुम्ही बोलू नका. मी बघतेय."

डॉक्टरांनी छातीत सुई घालून आत कोंडलेली हवा काढली. आणखी तासभर उशीर झाला असता तर कठीण होतं, म्हणाले.

महिन्याभराने काका घरी आले. ओटीवर बसून पुन्हा तासन्‌तास बोलू लागले. फक्त लांब वाक्याच्या मध्येच आता श्वासासाठी थांबत. ते थांबले की आत काकूंचं लाटणं थांबायचं. वाक्य पुढे सुरू झालं, की मगच पोळी लाटली जायची.