व्याह्यांचा भांग

जमिनीवर राहून समुद्राचे नियम पाळणारा माणूस अख्ख्या मुंबईत एकच आहे, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. मुलगी देताना आम्ही घर बघितलं, मुलगा बघितला, त्याची नोकरी बघितली. गिरगावात नळाला पाणी किती वेळ असतं तेसुद्धा आमच्या हिनं खोदून खोदून विचारून घेतलं. पण मुलाचा बाप भरती-सुकती बघून रस्ता ओलांडतो, हे विचारायचं कुणाला सुचणार? लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे लालबागला आले, तेव्हा बाजाराच्या तोंडाशी एका खांबाला धरून बराच वेळ उभेच. चक्कर आली म्हणून मी धावत गेलो. तर म्हणाले, "काही नाही हो. आत्ता सगळी माणसं समोरून येतायत. जरा वळू देत, मग त्यांच्याबरोबर आत येतो." आमची ही वरून गॅलरीतून बघत होती. मला म्हणाली, "व्याह्यांक खुळ लागला काय ओ?" मी म्हटलं, मुलगी दिलीय आता, हळू बोल.

हा त्यांचा नुसता शौक नाही, चालीरीत आहे. नातवाच्या बारशाला आम्ही दोघं दादरच्या फुलबाजारात गेलो होतो. गर्दी अशी की हातातली पिशवी आपली की दुसऱ्याची ते कळत नव्हतं. मी गिरणीत आयुष्य काढलेला माणूस, खांदा पुढे केला आणि घुसलो. व्याह्यांनी एका बंद दुकानाच्या पायरीवर ठाण मांडलं आणि मागून ओरडून सांगितलं, "पाण्याशी भांडू नये, व्याही! ते थकत नाही!" मी ओरडलो, "हे पाणी नाही, माणसं आहेत!" ते म्हणाले, "एकच!" मी झेंडू घेऊन बाहेर आलो तेव्हा अर्ध्या पाकळ्या माझ्या सदऱ्याला चिकटलेल्या होत्या आणि एका पायात चप्पल नव्हती. ते मागाहून आले, हातात शेवंतीच्या माळा जशाच्या तशा, कपाळावर घाम नाही. तरी पोचलो मी आधी, हे इथं लिहून ठेवतो.

आता हे त्यांच्यात आलं कुठून, तर फोर्टात एका जहाज एजंटाच्या कचेरीत ते कारकून होते. जन्मभर जहाजं कधी आली, कधी गेली, याचे कागद केले. स्वतः समुद्रावर गेले ते एकदाच, कुणाच्या तरी लग्नाला रेवसच्या लाँचमधून, आणि विहीणबाई सांगतात की तेव्हाही लाँचवाल्याला शिकवत होते. कालनिर्णय बघितलं की लोकांना एकादशी दिसते, यांना पाणी दिसतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमी असली तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. हा हिशोब आमच्या कोकणात कुणालाही येतो, मलाही येतो, पण मी तो येता-जाता लोकांच्या तोंडावर मारत नाही. शिवाय अमावास्या-पुनवेला पाण्याला उधाण असतं आणि अष्टमीच्या आसपास जोर मोडतो, त्याला भांग म्हणतात, हेही आम्हाला ठाऊक. पण घरातलं भांडण भांगातच काढावं, उधाणात काढलं तर वाढतं, हा शोध त्यांचाच. माझ्या जावयानं एकदा ऐन पुनवेला नवी मोटरसायकल घेऊ का म्हणून विचारलं. व्याही म्हणाले, "अष्टमीला विचार." त्यानं अष्टमीला विचारलं. ते नाही म्हणाले, पण शांतपणे म्हणाले.

अशा माणसाच्या हातात खरी बोट पडली. दादरच्या एका दाताच्या डॉक्टरांची शिडाची बोट माझगावला बांधून ठेवलेली असायची. व्याह्यांची कवळी याच डॉक्टरांनी केलेली. त्यांनी बोट भावनगरच्या एका सेठला विकली आणि सेठ म्हणाला, मला घोघ्याच्या धक्क्यावर आणून द्या. म्हणजे मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्यानं वर जायचं आणि खंबायतच्या आखातात शिरायचं. त्या आखाताचं पाणी साधं नाही. चढतं ते दोन मजले चढतं आणि धावतं असं, की शिडाची बोट उलट्या पाण्यात सापडली तर पुढं तोंड करून मागं जाते. डॉक्टर सहज बोलून गेले. व्याह्यांच्या तोंडात तेव्हा त्यांचे दोन्ही हात होते, म्हणून ते लगेच काही म्हणाले नाहीत. हात निघाल्याबरोबर म्हणाले, "बोटीचा रस्ता मी आखून देतो. आणि बरोबर जातोही."

त्या दिवसापासून गिरगावच्या त्या दोन खोल्यांत दुसरा विषय नाही. विहीणबाईंची कणीक मळायची परात व्याह्यांनी ताब्यात घेतली. परातीत पाणी, पाण्यात सुपारीचं एक खांड, तीच बोट. ते परात एका बाजूनं हळूच उचलत, की खांड पलीकडे जाई. खाली ठेवत, की अलीकडे येई. जो येईल त्याला हे दाखवायचं. दूधवाल्याला दाखवलं, विम्याच्या माणसाला दाखवलं, मला तर किती वेळा. "भरती उत्तरेला ओढते. आपल्यालाही उत्तरेलाच जायचंय. म्हणजे भरतीला चालायचं, सुकतीला नांगर टाकून गप्प बसायचं. पुन्हा भरती, पुन्हा चालायचं. आणि आखाताच्या तोंडाशी पोचायचं ते बरोबर अष्टमी धरून." मी म्हटलं, "बोटीला इंजिन आहे ना?" तर म्हणाले, "इंजिन म्हणजे आयत्या वेळी बंद पडायची सोय." विहीणबाई आतून म्हणाल्या, "आज पण भातच खा सगळ्यांनी. परात खंबायतला गेलीय."

हसण्यावारी चाललं होतं खरं, पण माणूस बदलला होता. मान सरळ करून चालायला लागला. कचेरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी काही विचारत नव्हतं, आता बोट नेणारा माझगावचा तांडेल फोन करून विचारत होता, "काका, दमणला थांबायचं की पुढं जायचं?" माझ्या मुलीनं मला एका बाजूला घेतलं. "बाबा, त्यांना रक्तदाब आहे. हे म्हणतायत की काही झालं तरी जाऊ द्यायचं नाही. तुमचं ऐकतात, तुम्ही सांगा." मी म्हटलं, "माझं ते कधी ऐकतात? आणि ऐकत असते तरी सांगितलं नसतं." म्हातारपणी माणसाला बसवून ठेवणारे पुष्कळ असतात, त्यात माझी भर नको.

मग सेठ आला. बोट कोण आणतंय ते डोळ्यांनी बघायला गिरगावला आला. चांगला जाडजूड, पांढरा सफारी, हिऱ्यांचा धंदा, समुद्राशी संबंध एवढाच की पैसे देऊन त्यातला एक तुकडा घ्यायचा होता. डॉक्टर होते, तांडेल होता, मी होतो. सेठनं विचारलं, "काका, बोट कैसे लायेंगे?"

"भांग में," व्याही म्हणाले.

सेठ हसला. त्याला वाटलं, म्हातारा गमतीचा आहे.

"मजाक नहीं सेठ. बिना भांग के उस आखात में मैं किसी को पाँव नहीं रखने देगा."

सेठचं हसू थांबलं. "रोज?"

"रोज किधर मिलता है? पखवाडे में एक बार. अष्टमी के आसपास. तब जितना होता है उतना मार लेने का."

सेठनं तांडेलाकडं बघितलं. "ये भी?"

"इसको तो बचपन से आदत है. इसका बाप भी भांग में ही जाता था."

तांडेलानं मोठ्या अभिमानानं मान हलवली. "पुनमला कधीच नाय सेठ. भांगच."

डॉक्टर दादरचे, शिकलेले, त्यांना भांग म्हणजे केसातला नाहीतर होळीतली. तेही घाबरून व्याह्यांकडे बघायला लागले. मला गोंधळ कळला. मी मध्ये पडलो. म्हटलं, "सेठ, गलत समझा तुम. पीने का भांग नहीं. पानी का भांग."

"पानी में ही तो घोटते हैं, भाई!" सेठ उठलाच. "डॉक्टरसाब, बोट टेंपो में डाल के भेज दो. नहीं तो सौदा कॅन्सल."

व्याह्यांना अजून पत्ता नव्हता. ते आपले समजावत होते, "अरे बैठो सेठ, तुम्हारे घोघा में तो हमारे से ज्यादा तेज होता है!" सेठ चपला घालायला लागला. व्याह्यांचा चेहरा मी तेव्हा बघितला. काय चुकलं ते कळत नव्हतं, पण बोट चालली एवढं कळलं होतं. तेव्हा विहीणबाई बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच. कणकेचा गोळा त्यांनी ताटात काढून ठेवला होता आणि परात धुऊन, पाणी भरून आणली होती. ती सेठच्या पुढ्यात ठेवली, सुपारीचं खांड पाण्यात टाकलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तोंडानं नका सांगू. दाखवा."

व्याह्यांनी दाखवलं. परात जोरात उचलली, की पाणी उसळून खांड कडेवर आपटलं. "ये पुनम." मग अगदी अलगद उचलली; खांड डुलत डुलत पलीकडे गेलं. "ये भांग." सेठ एक पाय चपलेत घालून बघत राहिला. मग तो असा हसायला लागला की शेजारची माणसं दारात आली. जाताना डॉक्टरांना म्हणाला, "बोट यही आदमी के साथ आयेगी. ये नहीं तो मेरे को नहीं चाहिए." आता जावयाचं काय चालणार? मालकानंच मागितलेला माणूस.

निघण्याच्या आदल्या सकाळी आम्ही सगळे माझगावला गेलो. जावई बरोबर होता, बापाला अडवायचं शेवटचं बोलणं पाठ करून आला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. व्याही बोटीवर उभे राहून तांडेलाला आणि त्याच्या साथीदाराला सांगत होते. "तिथं दर सुकतीला नांगर टाकायचाय आणि दर भरतीला उपसायचाय. तळाला चिखल आहे, नांगर रुतणार. भरती लागली की ती आपल्यासाठी थांबत नाही. एकजण सुकाणूला, एकजण शिडाला. म्हणजे तिसऱ्याला एकट्याला नांगर वर घेता आला पाहिजे. पाळी कुणाचीही येईल. चला, करून दाखवा." तांडेलानं केलं. साथीदारानं केलं. मग व्याह्यांनी बाह्या सारल्या.

दोर वर आला, आला, आणि थांबला. व्याह्यांनी पाय रोवले, पुन्हा ओढला. मानेच्या शिरा वर आल्या. दोर तेवढाच राहिला. तांडेलानं हात पुढे केला. "हात लावू नकोस," ते म्हणाले. तिसऱ्यांदा ओढला. मग दोर हळूच सोडला, पंच्याला हात पुसले आणि म्हणाले, "तिसरा माणूस बघ."

"काका, तुम्ही नुसते बसा ना. आम्ही आहोत की उपसायला."

"त्या पाण्यात नुसता बसलेला माणूस म्हणजे ओझं," ते म्हणाले. "सेठला मी सांगतो."

जावयाचं पाठ केलेलं सगळं बोलणं तोंडातच राहिलं. मी असतो तर बोटीवरून उतरलो नसतो. म्हटलं असतं, नियम मी केला, मीच मोडतो. पण तो माझा स्वभाव झाला. ते तांडेलाच्या खांद्याला धरून धक्क्यावर आले आणि घरी जाईपर्यंत दोराला पीळ कसा असावा यावर बोलत होते. सेठला त्यांनी फोनवर काय सांगितलं माहीत नाही. तो ऐकणारा नव्हता, तरी ऐकलं.

बोट गेली. आणि गिरगावचं घर बोटीबरोबर चालायला लागलं. तिकडे भरती असली की व्याही इकडे उठून चौपाटीकडे चालत. सुकती लागली की घरी येऊन खुर्चीत बसत. त्या वेळात विहीणबाईंनी बाजारात चला म्हटलं तरी हलत नसत. "नांगर टाकलाय," म्हणत. मी रोज जात होतो. मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्ही रोज कशाला येता एवढ्या लांब?" मी म्हटलं, काळाचौकीची बस रिकामी असते.

पोचल्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. विहीणबाईंनी नुकताच चहा आणला होता. व्याह्यांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. तांडेल ओरडत होता, "काका, पोचलो! तुम्ही बोलला तसंच पाणी, काका! तसंच्या तसं! पिरम बेटाजवळ जरा ओढलं, तेपण तुम्ही सांगितलेलं." मागं सेठचा आवाज, भांगेवरून काहीतरी विनोद. घरात सगळे हसले. व्याही हसले नाहीत. त्यांनी फोन तोंडाजवळ घेतला आणि हळूच विचारलं, "पाण्याचा रंग कसा आहे रे?"

"रंग?" तांडेलाला कळेना. "रंग कसला काका, सगळा चिखल. चहासारखं आहे, दूध घातलेल्या."

"बरं," व्याही म्हणाले, आणि फोन ठेवला.

मग कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. खिडकीच्या उजेडात धरून जरा डावीकडे कलता केला, जरा उजवीकडे. विहीणबाई म्हणणार होत्या निवतोय म्हणून. मी त्यांना हातानंच गप्प केलं.