सदूचा पंचा आणि पिवळी ज्योत

गद्रे सरांनी सदूला चोर म्हटलं, तेही भर वर्गात, साठ पोरांसमोर!

चौसष्ट सालची गोष्ट. सदू तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेचा शिपाई. पहाटे बापाच्या मिठागरात मीठ ओढायचा आणि तसाच पंचा खांद्यावर टाकून कामावर यायचा.

त्या दिवशी सर पोटॅशियमचा रंग दाखवत होते. तार बाटलीतल्या पुडीत बुडवली, बर्नरवर धरली. यायला हवी जांभळी ज्योत, आली पिवळी! पुन्हा धरली, पुन्हा पिवळीच. पोरं फिसकन हसली आणि सरांचं डोकं फिरलं.

"पोटॅशियम विकून खाल्लंस ना रे? आणि बाटलीत घरचं मीठ भरलंस! मिठागरवाले तुम्ही, जातीवरच जाणार! उद्यापासून येऊ नकोस."

सदूची कानशिलं तापली. नोकरी जाईल ती जाईल, पण चोर? नऊ वर्षं दारात उभा राहून त्यानं हाच धडा ऐकला होता. अणूतला इलेक्ट्रॉन त्या त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या पायऱ्यांवरच बसतो, आचेनं वर चढून खाली पडला की त्या उडीएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर येते. केवढ्या ऊर्जेला कुठला रंग, ते प्लांकच्या स्थिरांकावर ठरतं, आणि तो आकडा जगभर एकच. म्हणून मिठातलं सोडियम कुठंही जळो, पिवळंच.

पिवळं म्हणजे मीठ. पण आलं कुठनं? त्याची नजर पंच्यावर गेली. खाऱ्या पाण्यानं कडक झालेला पंचा. सकाळी तार त्यानंच पुसली होती!

"चूक माझी हाय, सर. तार ह्या पंच्यानं पुसली. पण चोरी न्हाय केली."

"गप! मला अक्कल शिकवतोस?"

"व्हय, शिकवतो!"

सदूनं तार आम्लात बुडवली, तापवली, परत बुडवली, पिवळेपणा जाईस्तोवर. मग त्याच बाटलीच्या तळातली, खारी तार न लागलेली पूड लावली. फिकट जांभळी ज्योत!

"हातचलाखी," सर फणकारले.

सदूनं तार पुन्हा साफ केली, थंड होऊ दिली. "आता तुमी टोकाला बोटं चोळा. पूडबीड काय न्हाय. धरा ज्योतीत."

सरांनी रागारागात धरली. पिवळी.

"तुमचा घाम हाय त्यो. त्यातबी मीठ. आता सांगा सर, कुणाच्या मिठागरातनं चोरलंत?"

माफी? नाव नको! दुसऱ्या दिवशी सदू कामावर आला, कोणी अडवलं नाही, एवढंच. अडुसष्टला सर बदलून गेले, तोवर सदू तार धुवायचा, पण त्यांच्या हातात कधी दिली नाही. टेबलावर टाकायचा आणि म्हणायचा, "आधी हात धुवा."