माहेरच्या लोडरची बॅटरी

आमच्या ह्यांना जुन्या यंत्रांचं वेड आहे, असं लग्नानंतर सुरुवातीला मी लोकांना कौतुकाने सांगायचे. आता वेड तेवढं शिल्लक आहे, कौतुक संपलं. राजुरीच्या आमच्या घरामागे दोन डिझेल इंजिनं, एक कडबाकुट्टी आणि कुणाच्या तरी मोटरसायकलचा पुढचा अर्धा भाग अशी मंडळी कायमची वस्तीला आलेली आहेत. यातलं एकही चालत नाही. प्रत्येकाचं थोडंसंच काम बाकी आहे, आणि ते गेली कित्येक वर्षं तेवढंच थोडंसं आहे.

चालणारी वस्तू घरात एकच, ट्रॅक्टर. नांगरट त्याच्यावर, फवारणी त्याच्यावर, टोमॅटोचे क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यायचे ते त्याच्यावर. तो चालतो म्हणून ह्यांचं त्याच्याकडे फारसं लक्ष नसतं. मीच त्याचं ऑइल-पाणी बघते आणि तो आहे म्हणून आमची चूल पेटते हेही मलाच माहीत असतं.

तर दिवाळीनंतर, कांद्याची लागवड तोंडावर आलेली असताना, ह्यांनी जेवताना सहज सांगितलं की ट्रॅक्टर माझ्या माहेरी द्यायचा आणि बदल्यात तिथला चेन लोडर आणायचा. चेन लोडर म्हणजे चाकांच्या जागी लोखंडी पट्टे आणि पुढे हे भलं मोठं बकेट असलेलं यंत्र. आमच्या वरच्या अंगाला एक खडकाळ तुकडा आहे, तो त्याने सपाट करायचा. गावातली बाकीची माणसं अशा कामाला तासावर मशीन बोलावतात आणि दुपारी जेवायला घरी जातात. पण ती पडली साधी माणसं. स्वतःचा लोडर असण्यातली ऐट त्यांना काय कळणार?

"तो चालू आहे का?" मी विचारलं.

"बॅटरी बसलीय फक्त," हे म्हणाले.

हे वाक्य ह्यांचं नव्हतं, माझ्या वडिलांचं होतं. माझं माहेर डिंभ्याच्या अलीकडे. कालव्याची कामं चालू होती तेव्हा वडील त्या लोडरवर ऑपरेटर होते. कामं संपली, ठेकेदाराने गाशा गुंडाळला आणि म्हातारा झालेला लोडर वडिलांनी ठेवून घेतला. पुढे आमच्याकडच्या डोंगरउतारावरची किती भातखाचरं त्यांनी त्याच लोडरने पाडली. आम्हा भावंडांच्या जेवणाआधी त्याला ग्रीस मिळायचं. मग एका वर्षी तो बंद पडला आणि घरामागे जागच्या जागी राहिला. कधीही विचारा, वडील म्हणायचे, बॅटरी बसलीय. बॅटरी बदलायला इतकी वर्षं लागत नाहीत हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण वडिलांना उलट विचारायची आमच्या घरात पद्धत नाही.

धाकट्या भावाला त्या जागेवर गोठा बांधायचा होता. त्याने भंगारवाल्याशी बोलून ठेवलं. तो गॅसकटर घेऊन येणार आणि दारातच लोडरचे तुकडे करून नेणार हे कळल्यावर वडिलांनी जेवण सोडलं. तेव्हा भावाला अचानक आपल्याला एक मेहुणा असल्याची आठवण झाली. एरवी भाऊबीजेलाही त्याला ही आठवण ताण दिल्याशिवाय येत नाही.

लोडर बघायला म्हणून आम्ही निघालो ते ट्रॅक्टरवरच. पसंत पडला तर तिथल्या तिथे अदलाबदल, असा ह्यांचा बेत. मी मडगार्डवर बसून राजुरीहून नारायणगाव, मंचर, घोडेगाव असा सगळा मुलूख धक्के खात पाहिला. घोडेगावात चहाला थांबलो तेव्हा मी सांगितलं, "लोडर चालू झाला नाही तर ट्रॅक्टर तिथं सोडायचा नाही. कांदा काय हाताने लावू पण नांगरट हाताने होत नाही." हे म्हणाले, "मी काय येडा हाय का?" यावर बायकोने काही बोलू नये, म्हणून मी बोलले नाही.

आमच्याकडे एक रीत आहे. जावयाने सासुरवाडीच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही आणि सासुरवाडीने जावयाला नाही म्हणायचं नाही. एरवी ठीक आहे, आमटीत मीठ जास्त झालं तर चालून जातं. पण लोडर म्हणजे आमटी नव्हे. भाऊ या बाबतीत हुशार. आम्ही उतरलो न उतरलो तोच त्याने ह्यांना पाटावर बसवून टॉवेल-टोपी केली, नारळ दिला, वर "दाजी, आज गावठी कोंबडा हाय," असंही सांगून टाकलं. माल बघायच्या आधीच गिऱ्हाइकाचं तोंड बंद करण्याची ही तऱ्हा मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. टोपी घातलेले हे नवरदेवासारखे लाजत परड्यात गेले.

परड्यात लोडर होता. एका बाजूच्या पट्ट्यातून एरंड वर आला होता. बकेटमध्ये कोंबडी अंड्यावर बसली होती आणि आमच्याकडे भाडेकरूसारखी बघत होती. रेडिएटरच्या जाळीत गांधीलमाश्यांनी संसार थाटलेला. बॉनेटवर हळदी-कुंकू, उभ्या सायलेन्सरच्या नळीला दसऱ्याचा सुकलेला झेंडूचा हार. आई दर दसऱ्याला कोयता, विळा, पंप आणि लोडर या सगळ्यांची पूजा करते, आणि लोडरचा मान त्यात पहिला.

गावातले जाणकारही जमले. कुठलंही बंद यंत्र कुणी बघायला आलं की आमच्याकडे जाणकार जमिनीतून उगवतात. एकाने प्लग साफ करायला सांगितलं. डिझेल इंजिनाला प्लग नसतो, पण सल्ला द्यायला त्याची गरजही नसते. दुसरा पट्ट्यावर लाथ मारून म्हणाला, "जुनं लोखंड हाय राव, आता असलं मिळत नाय." भंगारवाल्याचंही नेमकं हेच मत होतं.

वडील खुर्ची टाकून बाजूला बसले होते. "पावणं, लई दमदार गडी हाय ह्यो," ते म्हणाले. "बॅटरी तेवढी बसलीय."

ह्यांनी ट्रॅक्टरची बॅटरी काढून लोडरला जोडली. एक गोष्ट कबूल करायला हवी, हे काम ह्यांना येतं. चावी फिरवली. आतून टक् असा एक आवाज आला आणि पुढे काही नाही. परत फिरवली, परत टक्. म्हणजे बॅटरी बिचारी निर्दोष होती. मग ह्यांनी पुढच्या मोठ्या पुलीत पहार अडकवून इंजिन हाताने फिरवायचा प्रयत्न केला. जाणकारांपैकी दोघे पहारीला लोंबकळले. पुली केसभरही सरली नाही. शेवटी ह्यांनी ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली. पट्टीला ऑइल नव्हतं, दुधाच्या चहासारखं काहीतरी होतं.

इंजिनात पाणी गेलं होतं आणि आतून सगळं गंजून एकजीव झालं होतं. हे मला कळलं, ह्यांच्या चेहऱ्यावरून ह्यांनाही कळल्याचं दिसलं. ह्यांनी पट्टी घाईघाईने पुसली, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "ऑइल बदलावं लागंल. बाकी चांगलं हाय."

नवऱ्याला रीत सांभाळायची होती, भावाला गोठा बांधायचा होता आणि माझा ट्रॅक्टर बॅटरी काढून ठेवलेल्या अवस्थेत दारात उभा होता. भावाने तर त्याच्या सीटवर बसून आरसाही नीट करून घेतला होता.

लेकीला ती रीत लागू नाही. माहेरात तोंड उघडायचा हक्क एवढी एकच इस्टेट तिला मिळते, ती मी वापरायची ठरवली.

"आण्णा, इंजिन जाम आहे," मी म्हटलं. "आत पाणी गेलंय."

"बॅटरी बसलीय," वडील म्हणाले.

"बॅटरी आमच्या ट्रॅक्टरची आहे, चांगली आहे. पाणी वरून गेलंय, ह्या नळीतून. पूर्वी तुम्ही हिच्यावर डबा पालथा घालायचात. तो डबा कुठंय?"

"तू घरात जा," वडील म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. माझ्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. भांडणात जिंकत असताना माणसाला कानाने कमी ऐकू येतं.

"डबा कुणी काढला ते तरी सांगा."

उत्तर मागून आलं. आई चहाचे कप घेऊन आली होती. "कंचा डबा? त्येलाचा व्हय? त्यो मीच काढला की," ती म्हणाली. "लई वर्सं झाली. हार घालायला काढला व्हता. देवाच्या डोक्यावर पालथा डबा बरा दिसतो का? आता कोंबड्यांना पाणी ठेवतीय त्यात."

जाणकारांनाही त्या दिवसात पहिल्यांदा काही सुचलं नाही. आईने सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "का? त्यानं काय व्हतं?"

वडील खुर्चीतून उठायला लागले, पण भाऊ आधी बोलला. भावाला समजावून सांगायची फार हौस. नळी उघडी राहिली की पावसाचं पाणी थेट इंजिनात कसं उतरतं, आत गंज कसा धरतो, आमच्याकडचा पाऊस किती आणि एका पावसाळ्यात काय होतं, हे त्याने आईला हातवारे करून, बोटांनी नळी दाखवून, अगदी व्यवस्थित समजावलं. शाळेत त्याला कुणी इतकं चांगलं शिकवलं असतं तर तो पुढे शिकला असता.

आईने चहाचे कप पट्ट्यावर ठेवले. "म्हंजी म्या बंद पाडला," ती म्हणाली. विचारल्यासारखं नाही, नुसतं म्हणाली. मग पदराने हात पुसत घरात गेली.

जेवणं झाली. आईने कोंबड्याचा रस्सा वाढला, आग्रह केला, ह्यांना भाकरीवर भाकरी वाढली. स्वतः जेवली नाही. अदलाबदलीचा विषय कुणी काढला नाही, म्हणजे मी जिंकले होते. ह्यांनी ट्रॅक्टरला बॅटरी परत जोडली, आणि तो पहिल्या चावीला चालू झाला.

निघताना वडील ट्रॅक्टरपाशी आले. हे पाणी प्यायला घरात गेले होते.

"बॅटरी बसलीय म्हनत व्हतो ना मी?" ते मला म्हणाले. "तुला काय वाटलं, मला इंजिन कळत नाय?"

त्यांनी घरात आईकडे एकदा पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"त्यो भंगारवाला हितं दारात खोलणार, आन हिच्यासमोर सांगणार, पानी कसं गेलं ते. म्हून पावण्यांना दिला. लांब ऱ्हाईल, तिकडं खोला न्हाई तर पुरा. ट्रॅक्टर मी ठेवून घेणार व्हतो का? लेकीचा? चार दिसांनी कायतरी निमित्त काढून धाडला असता."

हे खरं होतं की रागाच्या भरात बोलले, ते मला आजही माहीत नाही. भावाने एकदा आरसा नीट करून घेतलेला ट्रॅक्टर इतक्या सहज परत आला असता असं मला तरी वाटत नाही. मी जे बोलले ते खरं होतं, आणि तशीच वेळ आली तर पुन्हा बोलेन. ट्रॅक्टर काही झाडाला लागत नाहीत. तरीपण परतीच्या वाटेवर मंचर येईपर्यंत मी मडगार्डवर बसून रडत होते. पुढे बसलेल्या ह्यांना इंजिनाच्या आवाजात ते कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी मागे पाहिलं नाही. दोन्ही शक्य आहे.

कांदा वेळेवर लागला. माहेरी महिन्याभरात गोठा उभा राहिला. लोडरचं काय झालं ते मी विचारलं नाही, आणि मला कुणी सांगितलंही नाही.

परवा आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली, ह्यांची चौकशी केली, मग जरा थांबली. जिने उभा जन्म चुलीपुढे काढला, गावातल्या लग्नांच्या पंगती रांधल्या, ती माझी आई मला हळूच विचारत होती, "कुकरची शिट्टी काढून धुतली तर चालंल ना गं? का बिघडंल त्यो?"

"चालेल," मी म्हटलं. "काही बिघडत नाही आई."

"तू सांगतीस तर धुते मग," ती म्हणाली.