मी फक्त वाकलो

या, बसा जवळ. जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीत माझ्या गोष्टी चार-चार वेळा ऐकल्या नाहीत असा माणूस सापडायचा नाही. ही मात्र कुणीच ऐकलेली नाही. बायकोनेही नाही. आणि — आधीच सांगून टाकतो — हिच्यात माझी भूमिका काही देखणी नाही.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मला सगळे 'प्रोफेसर' म्हणायचे. होतो मी विम्याच्या कचेरीतला कारकून. पण चार पुस्तकं वाचलेली, आवाज नाटकातला, आणि रविवारी गच्चीवर मी बोलायला लागलो की देव, भुतं, पत्रिका, सगळी मंडळी धारातीर्थी पडायची. बुद्धी! पुरावा! केवढे सुंदर शब्द — आणि माझ्या तोंडात तर किती शोभायचे! समोर असायचा शेजारच्या ब्लॉकमधला सामंत. माझा जिवलग. देवभोळा, हसरा, दर वेळी हरून वर मलाच चहा पाजणारा.

एकदा म्हणाला, "प्रोफेसर, मी मेलो ना, की पिंडाला पहिल्या हाकेला कावळा शिवतो की नाही बघ. तेव्हा 'मी हरलो' असं सगळ्यांसमोर म्हणायचं. मोठ्यांदा हां!"

"भात दिसला की येणारच तो," मी म्हणालो. "त्याला तुझं काय पडलंय?"

खूप हसलो आम्ही. त्याच हिवाळ्यात तो गेला. झोपेतच.

दहाव्याची सकाळ मला अजून स्वप्नातल्यासारखी दिसते. खाडीवर धुकं, पलीकडे मिठागरांतले पांढरे ढीग अधांतरी तरंगतायत, आणि तिवरांवर कावळे — काळे, ओले, अगदी गप्प. गुरुजींनी पिंड मांडले, सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. सामंतवहिनी हट्टाने आल्या होत्या. पदर तोंडाशी धरून उभ्या. मी जरा बाजूला, तिवरांच्या अंगाला.

सामंताच्या धाकट्या भावाने हाक दिली. पहिलीच हाक — आणि एक कावळा उतरला. खरंच उतरला! पिंडापासून हातभर. मान तिरकी करून बघत राहिला.

मला सामंताचं हसणं ऐकू आलं. मोठ्यांदा हां!

आणि मी — मी फक्त वाकलो. दगड उचलायला माणूस वाकतो ना, तसा. हातात दगड नव्हता. लागतच नाही, कावळ्याला तेवढं पुरतं. तो उडाला, आणि त्याच्यामागे तिवरांवरचे सगळेच उडाले.

मग ऊन चढेपर्यंत आम्ही उभे. भावाने शब्द दिला, मुलीने शब्द दिला — घराचं बघू, आईला सांभाळू. काही उपयोग नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. आणि परतताना मी, याच तोंडाने, व्याख्यान दिलं: मिठागरं बुजतायत, टॉवर उठतायत, पक्षी बिचकलेत, आत्म्याबित्म्याचा इथे काही संबंध नाही. "प्रोफेसरांचं बरोबर आहे," लोक म्हणाले. मला — कसं सांगू — बरं वाटलं.

आता गंमत बघा. भुकेला पक्षी भात खातो, एवढंच तर माझं म्हणणं होतं. कावळ्याने तो खाल्ला असता तरी माझं म्हणणं शाबूतच होतं! मग मी घाबरलो कशाला? जन्मभर पुराव्याची आरती ओवाळली, आणि पुरावा अंगणात उतरला तेव्हा त्याला हाकलून दिलं. बुद्धी मला कधी प्रिय नव्हतीच. जिंकणं प्रिय होतं.

आणि वहिनी? त्यांच्या मनाने घेतलं की यांचं काहीतरी राहिलं. काय राहिलं? मुलगी पुण्याला बोलावून बोलावून थकली. "त्यांची इच्छा काय ती कळू दे, मग येते," एवढंच उत्तर. तिसऱ्या मजल्यावर एकट्याच राहतात, गुडघे धरून जिना चढतात. रोज सकाळी खिडकीच्या जाळीवर भात ठेवतात. कावळे येतात, मजेत खातात. माझी खिडकी लागूनच आहे. त्या हळूच विचारतात ते मला ऐकू येतं — "आता तरी सांगा ना, काय राहिलं?"

एकदा चहा देताना म्हणाल्या, "भावोजी, एक सांगू? रागावू नका. त्या दिवशी कावळा उडाला, तशी मी मान फिरवली. तर तुम्ही दिसलात. कुणाला कळू नये म्हणून बाजूला जाऊन वाकला होतात. नमस्कार केलात तुम्ही यांना. तुम्ही! त्या दिवसातलं तेवढंच एक मी जपून ठेवलंय बघा."

चहा बशीत ओतला. मी तो फुंकर घालून प्यालो. म्हणालो, "आलं छान उतरलंय, वहिनी."