टेम्पोतून पुण्याला गेलेली म्हैस

माझ्या धाकट्या भावाच्या गाडीच्या मागच्या काचेवर मोठ्या भगव्या अक्षरांत 'कोल्हापूर, नाद खुळा' असं लिहिलेलं होतं. गाडी पुण्यात होती. भाऊ पुण्यात, बायको-मुलं पुण्यात, फ्लॅट पुण्यात, आणि कोल्हापुरात परत राहायला यायचा विचार त्याच्या मनात कधीही नव्हता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. नोकरी जिथे असेल तिथे माणूस जातो. पण ती काच आठवली की आजही माझं डोकं तापतं. का तापतं, ते एकदा नीट क्रमाने लिहून टाकते.

आधी अप्पांची संध्याकाळ. आमचे वडील बिद्रीला साखर कारखान्याच्या ऑफिसात होते. रोज एसटीने जायचे, एसटीने यायचे, आणि उतरले की घरी न येता आधी चौकात. आमच्या पेठेच्या चौकात संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन उभे राहायचे. गिऱ्हाईक आलं की गवळी म्हशीखाली बसायचा, धार थेट ग्लासात काढायचा आणि फेसासकट ग्लास हातात द्यायचा. कोमट, जड दूध. उभ्यानेच प्यायचं आणि मिशीवरचा फेस पालथ्या हाताने पुसायचा. तालमीतली पोरं, पेन्शनर, रिक्षावाले, सगळे तिथेच. शेजारच्या पेठेच्या फुटबॉल टीमला शिव्या घालायच्या आणि आपल्या गोलकीपरला त्याहून जास्त.

निवृत्तीनंतरही अप्पांचा हा नेम सुटला नाही. गवळी ठरलेला, म्हैसही ठरलेली, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. तिच्यापुढे गर्दी असेल तर थांबायचे, दुसरीचं प्यायचे नाहीत. मी लहानपणापासून त्यांच्याबरोबर तिथे उभी राहिले. लग्न होऊन चार गल्ल्या पलीकडे गेले तरी भाजीची पिशवी घेऊन जायचीच. तिथे बायका फारशा नसायच्या. मला कुणी कधी काही बोललं नाही. बोलले असते तर ऐकून गेले असते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आई गेली. अप्पा घरात एकटे राहिले. दिवसकार्य उरकताच भावाने विषय काढला: अप्पांनी पुण्याला यावं. लिफ्ट आहे, समोर मोठा दवाखाना आहे, वेळीअवेळी काही झालं तर धावायला तो आहे. मी एकेक मुद्द्याचं उत्तर दिलं. दोन वेळचा डबा माझ्याकडून जाईल, डॉक्टर गल्लीच्या तोंडाला आहे, शेजाऱ्यांना हाक मारली तर भिंतीपलीकडून ओ येते. भावाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अक्का, मुलगा असताना बाप लेकीच्या डब्यावर राहिला तर लोक मला काय म्हणतील?"

म्हणजे मुद्दा लिफ्टचा नव्हताच.

अप्पांनी भांडण नको म्हणून जाऊन बघतो म्हटलं. त्यांची बॅग मी भरली. औषधं, जादा चष्मा, पूजेचं साहित्य, सगळं यादीप्रमाणे. संध्याकाळ मात्र बॅगेत भरता येत नव्हती.

पुण्यात ते सातव्या मजल्यावर राहिले. दर रविवारी फोन व्हायचा. म्हशी येतात का, टीमचं काय झालं, एवढंच विचारायचे. स्वतःबद्दल विचारलं की सगळं बरं आहे म्हणायचे. तिथे पिशवीतलं दूध कपात गरम करून मिळायचं, संध्याकाळी गॅलरीत खुर्ची मांडून मिळायची. त्यांनी एकदाही कुरकुर केली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा.

इकडे भाऊ पुण्यातल्या कोल्हापूरकरांच्या मंडळाचा सेक्रेटरी झाला. आम्ही लिंगायत. आमच्या घरात आजवर अंडं उकडलेलं नाही. आणि हा पुणेकरांना तांबड्या-पांढऱ्या रश्शावर व्याख्यानं द्यायचा, खरा तांबडा कुठला आणि खोटा कुठला ते सांगायचा. घरी असताना रंकाळ्यावर फिरायला चल म्हटलं तर कंटाळा करणारा मुलगा तिथे फेटा बांधून रंकाळ्याच्या आठवणी सांगायचा. मी कपाळाला हात लावला.

मग मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात त्याने चौकातला दूधकट्टा उभा करायचं ठरवलं. खरी कोल्हापूरची म्हैस, खरा गवळी, सगळ्यांसमोर धार. मला हे गवळ्याकडूनच कळलं. म्हैस तीच, ठिपकेवाली. टेम्पो ठरला होता. मी गवळ्याला म्हणाले, तिथे हलगी असेल, लाइट असतील, पायाखाली कार्पेट असेल, ती पान्हा सोडणार नाही. त्यालाही हे ठाऊक होतंच. पण पुण्यात आपल्या म्हशीची धार निघणार म्हणजे पेठेचं नाव, शेजारच्या पेठेतल्या गवळ्याला विचारलंसुद्धा नाही, हे त्याच्या डोक्यात शिरलं होतं. माझ्या हाताची सवय हाय तिला, म्हणाला. भावाला फोन केला तर म्हणाला की मी प्रत्येक गोष्टीत खोट काढते. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या एसटीने मी पुण्याला गेले.

सगळं मी सांगितल्याप्रमाणेच होतं. हलगी, लाइट, हिरवं कार्पेट. पुढच्या रांगेत अप्पा, डोक्याला फेटा, अंगावर सत्काराची शाल. म्हैस मांडवात उभी होती, कान मागे टाकून. लोक ग्लास घेऊन रांगेत उभे. गवळी खाली बसला, कासेला पाणी लावलं, पाठीवर थाप मारली, तिच्याशी बोलला. काही नाही. पुन्हा बसला. काही नाही. भाऊ माइकवरून विनोद करत होता, की कोल्हापूरची आहे, मानपान झाल्याशिवाय ऐकायची नाही. लोक हसत होते. गवळी घामाने भिजला होता आणि कुणाकडे बघत नव्हता.

शेवटी भावाने आतून किटली मागवली. पिशवीतलं दूध, वरखाली करून फेस आणलेलं. पहिला ग्लास अप्पांच्या हातात दिला आणि फोटोवाल्याला पुढे बोलावलं.

अप्पांनी ग्लासात पाहिलं. तो खुर्चीखाली ठेवला, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि उठून म्हशीजवळ गेले. तिच्या कपाळावरून हात फिरवला. मग गवळ्याला म्हणाले, "सोड तिला. टेम्पोत पुढं जागा हाय काय?"

गवळी म्हणाला, "हाय की अप्पा. पर तुमी?"

"मीबी येतो घरला."

भाऊ धावत आला. लोक बघतायत, म्हणाला, निदान आजचा दिवस तरी थांबा.

"बघू देत की," अप्पा म्हणाले. "बघायलाच बोलावलंयस न्हवं?"

मी तिथे गप्प राहणार नव्हतेच. मंडळाचे लोक ऐकत होते आणि त्यांनी ऐकावं असंच मला वाटत होतं. मी भावाला म्हणाले, "तुला फेटा पाहिजे, रस्सा पाहिजे, म्हैस पाहिजे. कोल्हापुरात राहायचं म्हणणारा बाप तेवढा नको." त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

अप्पांची बॅग मी फ्लॅटवरून भरून आणली. यादी माझ्या पर्समध्येच होती. टेम्पोत पुढे ड्रायव्हर, गवळी, अप्पा, आणि दाराशी मी. मागे म्हैस.

दोन-तीन दिवस तिने कमीच दूध दिलं. अप्पा अर्ध्या ग्लासावर भागवायचे, पण दुसरीचं प्यायले नाहीत.

दिवाळीला भाऊ त्यांना परत न्यायला आला. गाडी त्याने थेट चौकात, म्हशी जिथे उभ्या राहतात तिथेच लावली. गवळ्यांनी बोंब मारली तेव्हा हलवली. अप्पा कट्ट्यावर होते. भावाने पुन्हा लिफ्ट सांगितली, दवाखाना सांगितला, आणि लोक काय म्हणतात तेही. अप्पांनी गवळ्याला बोट दाखवलं आणि भावासाठी एक ग्लास काढायला लावला.

भावाने ग्लास घेतला, फोटो काढायला कॅमेरा माझ्या हातात दिला. मी फोटो काढला. दोन घोट घेऊन त्याने ग्लास कठड्यावर ठेवला. आता सोसत नाही म्हणाला, जड पडतं.

अप्पांनी त्या उरलेल्या दुधाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तू जा पुण्याला," ते म्हणाले. "मला हे सोसतंय."

भाऊ दुसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. अप्पा शेवटपर्यंत पेठेत राहिले, माझ्या डब्यावर. लोक काही म्हणाले नाहीत. आणि भाऊ? तो आता मंडळात हीच गोष्ट सांगतो. भर कार्यक्रमातून म्हशीबरोबर टेम्पोत बसून निघून गेलेला अस्सल कोल्हापुरी बाप. म्हणे दर वर्षी टाळ्या पडतात. किटलीचं तो सांगत नाही. म्हणून मी सांगितलं.