सखुपूरची लागवड

मखमलाबादच्या शिवारात भीमाजी आण्णांची ओळख झेंडूवरून आहे. त्यांचा दीड एकर झेंडू दसऱ्याच्या आदल्या दिवशी सगळा एकदम फुलतो; एक फूल मागं राहत नाही की एक पुढं धावत नाही. यात नशिबाचा भाग थोडा, मोजणीचा जास्त. नवं कॅलेंडर भिंतीवर आलं की आण्णा दसऱ्याच्या चौकोनावर बोट ठेवतात, तिथून मागं दिवस मोजत जातात आणि एका तारखेवर पेन्सिलीनं फुली मारतात. त्या दिवशी उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत सगळं रोप जमिनीत गेलंच पाहिजे. एका वर्षी नेमकी फुलीच्या दिवशी मेहुणीची हळद होती. आण्णा संध्याकाळी पोचले, कोपरापर्यंत मातीनं भरलेले, आणि त्यांच्या पत्नीनं, सखुबाईंनी, ती गोष्ट तीस वर्षं जपून ठेवली आहे.

अशा माणसाचा उजवा गुडघा गेल्या मार्चमध्ये बदलावा लागला. डॉक्टरांनी वाफ्यात उकिडवं बसायची मनाई केली. शेत मुलानं, हर्षलनं, हाती घेतलं, आणि आण्णा ओट्यावरच्या खुर्चीतून त्याला सूचना करू लागले. पाणी कुठं तुंबलंय, फवारा कुठल्या वाऱ्याला धरलाय, सगळं त्यांना खुर्चीतून दिसायचं. दहाव्या दिवशी हर्षलनं पुण्याला बहिणीला फोन लावला. "ताई, यांना काहीतरी उद्योग दे. नाहीतर शेतात एक तर मी राहीन, नाहीतर त्यांचा आवाज."

सुवर्णा शनिवारी आली ती आपला जुना लॅपटॉप घेऊनच. त्यात शहर बांधायचा खेळ होता. मोकळी जमीन, मधून नदी. रस्ते आपण आखायचे, पाणी-वीज आपण आणायची, घरांसाठी जागा खुली करायची. मग लोक आपापलं सामान घेऊन येतात आणि राहू लागतात.

"यांना शेत कुठं दिलंय?" आण्णांनी विचारलं.

"आण्णा, हे शहर आहे."

"शहरातली माणसं जेवत नाहीत का?"

पण संध्याकाळपर्यंत माउस त्यांच्या हाताला बसला. पाण्याचा पंप त्यांनी न सांगता नदीच्या वरच्या अंगाला बसवला आणि सांडपाणी खालच्या अंगाला सोडलं. पहिल्यांदा खेळणारे बहुतेक सगळे इथं चुकतात आणि गावाला जुलाब लावतात, असं सुवर्णा म्हणाली. आण्णांना त्यात नवल वाटलं नाही. चौक मात्र त्यांनी असा केला, की सहा रस्ते एकाच जागी आणून सोडले. बांधाला बांध असलेला शेजारी चिमाजी चहाला आला होता. तो वाकून बघत म्हणाला, "भीमाभाऊ, हा तर आपला द्वारका चौक झाला, कायम तुंबलेला."

"मग? शहर म्हटल्यावर द्वारका नको?"

खेळानं गावाचं नाव विचारलं, तेव्हा आण्णांनी थोडा वेळ घेतला. उतारा त्यांच्या नावावर होता, ट्रॅक्टर हर्षलच्या, स्कूटर सुनेच्या. सखुबाईंच्या नावावर आजवर गॅसचं कनेक्शनसुद्धा नव्हतं. एका बोटानं एकेक अक्षर शोधत त्यांनी 'सखुपूर' लिहिलं. सखुबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. "काहीतरी पोरखेळ," एवढंच त्या बोलल्या. पण पुढच्या बुधवारी बाजारात शेजारच्या ओट्यावरच्या विमलाबाईंना त्यांनी सांगितलंच, "आमच्या ह्यांनी माझ्या नावाचं गाव बसवलंय. नदी हाये, दवाखाना हाये, बाग पण हाये." तिसऱ्या बुधवारपर्यंत निम्म्या बाजाराला सखुपूर ठाऊक झालं.

गाव बसवण्याची आण्णांची रीत त्यांचीच होती. तीन आठवडे त्यांनी नुसते रस्ते, पाणी, दिवे केले. घरासाठी एकही जागा खुली केली नाही. सुवर्णा फोनवर म्हणायची, "आण्णा, थोडी माणसं तरी येऊ द्या." ते म्हणायचे, "जमीन तयार झाल्याशिवाय रोप लावतात का?" मग अक्षय्य तृतीयेला सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते लॅपटॉपसमोर बसले आणि मुहूर्तावर सगळ्याच्या सगळ्या जागा एकदम खुल्या केल्या. सामानाच्या गाड्यांची रांग लागली. दुपारच्या जेवणापर्यंत सखुपुरात वीस हजार माणसं राहायला आली होती. हर्षलला हाका मारमारून ते दाखवण्यात आलं. दोन महिने सखुपूर असं भरभराटीत गेलं, की आण्णांचा ओट्यावरचा आवाज जवळजवळ बंद झाला आणि शेतात हर्षल शीळ वाजवायला लागला.

आषाढात एका सकाळी आण्णांना एका घरावर छोटी कवटी दिसली. म्हणजे घरात कुणी वारलंय आणि न्यायला गाडी आलेली नाही. थोड्या वेळानं दुसऱ्या घरावर दिसली. चहा पिऊन येईपर्यंत अख्ख्या आळीवर कवट्या उगवल्या होत्या.

आण्णांनी आधी चौकाला दोष दिला. शववाहिका द्वारकेत अडकून उभ्या होत्या, हे खरंच होतं. दोन दिवस खपून त्यांनी चौक मोडला, बाहेरून वळसा घालणारा रस्ता काढला. गाड्या सुटल्या, कवट्या वाढल्याच. मग त्यांनी दोन स्मशानं वाढवली, मग आणखी दोन. पाणी तपासलं, ते स्वच्छ होतं. दवाखाना वाढवला. माणसं जातच राहिली. ज्या घरातलं माणूस वेळेत उचललं गेलं नाही, ते घर सोडून बाकीचेही निघून जायचे आणि घर काळं पडायचं. वीस हजारांचे बारा झाले, बाराचे नऊ.

चिमाजी रोज चहाला यायचाच. "काय सरपंच, आज किती?"

"तू तुझी द्राक्षं बघ."

"माझी द्राक्षं जागेवर हायेत. तुमचा गाव चाललाय."

सुवर्णा फोनवर म्हणाली, "आण्णा, होतं असं. पुसून टाका ते गाव, नवीन सुरू करा. दोन मिनिटांचं काम आहे."

आण्णांनी घाईनं फोन बंद केला. फोन सखुबाईंच्या शेजारीच, आवाज मोठा करून ठेवलेला होता.

त्या बुधवारी सखुबाई बाजारातून परतल्या. टोपली उतरवली, पाय धुतले आणि मग म्हणाल्या, "विमल विचारत होती, तुझं गाव कसंय म्हणून. काय सांगू? ओस पडतंय म्हणू? जितेपणी माझ्या नावाचं स्मशान केलं तुम्ही."

"अगं, खेळ आहे तो."

"मग खेळातलं नाव काढा. काहीही ठेवा. आजवर नव्हतं, तसं परत नाय."

ते 'परत नाय' आण्णांना लागलं. नाव काढायला एक मिनिटही लागलं नसतं. पण ज्या बाईला एवढ्या वर्षांत एकच गोष्ट नावानं दिली, तीही वाळू द्यायची आणि वर पाटी काढून घ्यायची, हे त्यांच्या हातून होईना. "मला रविवारपर्यंत दे," ते म्हणाले. "नाय जमलं तर काढतो."

शनिवार आला. सखुपुरात चार हजार माणसं उरली होती. आण्णांनी सगळी काळी घरं पाडली आणि मोकळ्या झालेल्या जागा पुन्हा खुल्या करायला बोट उचललं. सखुबाई शेजारी मेथी निवडत बसल्या होत्या. त्या दिवसांत त्या मुद्दाम स्क्रीनकडे पाठ करून बसत. पण त्या दिवशी मान वळली.

"ही घरातली माणसं दिसतात का हो? कोण किती वयाचं, ते?"

आण्णांनी एका घरावर टिचकी मारली. आतल्या माणसांची यादी उघडली. त्यापुढचा इंग्रजी शब्द सुवर्णानं त्यांना शिकवला होता: म्हातारा. दुसरं घर उघडलं. म्हातारा, म्हातारी. तिसरं, चौथं, आठवं. चार हजारांच्या गावात तरणं माणूस शोधावं लागत होतं.

सखुबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "सगळी एका दिवशी लावली होती का?"

"मुहूर्तावर."

"मग सगळी एकदम वाळणारच की. झेंडू लावलाय तुम्ही."

आण्णांनी मान सखुबाईंकडे वळवली.

"झेंडूचं ठीक हाये," सखुबाई म्हणाल्या. "तुम्हाला एकच दिवस पायजे असतो, दसरा. दुसऱ्या दिवशी शेत रिकामं झालं तरी चालतं. माझी मेथी बघा. दर बुधवारी जुड्या नेते ना मी? कशी नेते? या आठवड्याला एक वाफा, पुढच्या आठवड्याला दुसरा. एक उपटायला येतो, एक अर्धा वाढलेला असतो, एक नुकता उगवलेला. सगळे वाफे एका दिवशी टाकले तर एक बुधवार डोंगर आणि पुढचे चार बुधवार मी बाजारात हात हलवत. गावाला दसरा असतो का? गावाला रोजच बुधवार."

चाळीस वर्षं एकाच विहिरीच्या पाण्यावर दोघांची दोन शेतं चालली होती. बांधापलीकडच्या त्या आठ वाफ्यांना आण्णा 'बायकांचं किरकोळ' म्हणत आले होते. त्यांनी आठवून पाहिलं. ते आठ वाफे एकदम रिकामे त्यांनी कधीच पाहिले नव्हते.

त्यांचं बोट अजून माउसवर होतं. "म्हणजे या मोकळ्या जागा आता—"

"थांबा. आज सगळं परत लावाल तर दोन महिन्यांनी परत हेच."

"मग काय करू?"

"एक आळी लावा. बाकी पडू द्या."

हेच आण्णांना जड गेलं. तयार जमीन, रस्ता, पाणी, वीज, आणि वर काही नाही, हे त्यांनी जन्मात केलं नव्हतं. नदीकाठची एक आळी त्यांनी खुली केली. सामानाच्या दहाबारा गाड्या आल्या आणि थांबल्या. बाकी गाव दात पडल्यासारखं उघडं. रविवारी त्यांनी दोनदा लॅपटॉप उघडला आणि दोनदा मिटला. सोमवारी सखुबाई न्याहारी करताना म्हणाल्या, "लावलं नाय ना काही?"

"नाय."

"खरं?"

"दोन घरं लावली."

"पाडा."

त्यांनी पाडली.

पुढच्या बुधवारी दुसरी आळी, त्यापुढच्या बुधवारी तिसरी. जुने लोक अजून जातच होते आणि मधे एका आठवड्यात गाव अडीच हजारांवर आलं. चिमाजी म्हणाला, "भीमाभाऊ, यापेक्षा तर आपली गल्ली मोठी." रविवारची मुदत टळून गेली होती, पण तिची आठवण ना आण्णांनी काढली, ना सखुबाईंनी. सहाव्या बुधवारनंतर कवट्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. रोज कुणी ना कुणी जायचंच. गाडी यायची, घेऊन जायची आणि शेजारच्या घरात बाळ झाल्याचं चिन्ह दिसायचं. दोन जादा स्मशानं आण्णांनी पाडून टाकली आणि तिथं बाग केली.

सुवर्णाला फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, "आण्णा, इंटरनेटवर लोकांनी याच रोगावर पानंच्या पानं लिहिलीत. आईनं कुठं वाचलं?"

"तुझ्या आईनं वाचलं नाय. तिनं पेरलं."

फोन ठेवल्यावर आण्णांनी लॅपटॉप सखुबाईंकडे वळवला. "नावाचं काय करू मग? तू काढ म्हणाली होतीस."

सखुबाईंनी चष्मा पुसून घातला. पाच हजार तीनशे माणसं, असा आकडा खाली दिसत होता. वीस हजारांच्या मानानं ते काहीच नव्हतं. त्यांनी शाळेजवळच्या आळीवर बोट ठेवलं. "इथली पोरं मोठी झाली का?"

"होताहेत."

"आणि ही कडेची?"

"ती परवाच आलीत."

"असू द्या मग नाव," सखुबाई म्हणाल्या. "पण मला विचारल्याशिवाय एक घर लावायचं नाय. बुधवारी विमलला सांगते, माणसं कमी हायेत, पण सगळ्या वयाची हायेत."

तेवढ्यात चिमाजी चहाला आला. गावाकडे बघत, कप हातात घेत म्हणाला, "नदीकाठाला आमच्यासाठी पण एक घर काढा की, भीमाभाऊ."

आण्णांनी सखुबाईंकडे पाहिलं.

"या आठवड्याची आळी भरली," सखुबाई म्हणाल्या. "पुढच्या बुधवारी या. आणि पोरंबाळं घेऊन या, म्हातारे आमच्याकडे पुष्कळ झालेत."