उघड्या डोळ्यांत भंडारा

माझ्या चष्म्याचा नंबर उणे चौदा. चष्मा काढला की माणसं आवाजावरून ओळखायची. वालचंदनगरला कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायची नोकरी. नजर गेली की सगळंच गेलं. तेव्हा, नव्वदच्या दशकात, पुण्यात चष्मा घालवणाऱ्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बुबुळावर काप देऊन किंवा लेझर मारून एवढा नंबर उतरणार नाही. डोळ्यातलं भिंगच काढून कृत्रिम बसवावं लागेल. मात्र आधी औषध घालून आतला पडदा तपासायला हवा. त्या औषधानं दिवसभर वाचता येत नाही, म्हणून मी "बारामतीत तपासलाय" असं ठोकून दिलं. देवावर माझा विश्वास नव्हता. स्वतःवर मात्र फाजील होता.

ऑपरेशनला दोन दिवस असताना बायकोनं तिच्या माहेरी, पणदऱ्याला, खंडोबाच्या यात्रेला नेलं. फेटेवाल्या पाहुण्यांचे सत्कार देवापेक्षा जास्त चालले. अखेर पालखी उठली. भंडाऱ्यानं काचा खराब होतील म्हणून मी चष्मा खिशात घातला, आणि पुढच्याच क्षणी मूठभर हळद उघड्या डोळ्यांत.

एका अनोळखी म्हाताऱ्यानं माझा हात धरला. "चोळू नगा, पाव्हणं! खिशातला चष्मा काय देवाला दावायला आणला व्हता?" त्यानं तांब्याभर पाणी डोळ्यांवर ओतलं.

"बरं वाटतंय आता, आबा."

"न्हाय वाटत. डोळा हाय त्यो, बटाटा न्हाय. चला बारामतीला!" आणि मला मोटारसायकलवर मागं बसवून त्यानं थेट डोळ्यांच्या दवाखान्यात सोडलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हळद धुतली, औषध घालून आत पाहिलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला कडेशी भोक होतं. "असंच भिंग काढलं असतं, तर पडदा सुटायची भीती होती."

पुण्याच्या डॉक्टरांपुढं खोटं कबूल केलं. त्यांनी लेझरनं भोक बंद केलं आणि काही महिन्यांनी भिंग बदललं. आज त्या डोळ्याला समोरच्या लिंबाची पानं सुटी सुटी दिसतात.

तो म्हातारा पुन्हा भेटला नाही. बायको म्हणते, खंडोबाच होता. मला तो हट्टी म्हाताराच वाटतो. पण नेमकं त्याच जागी त्याला कुणी उभं केलं, हे मला सांगता येत नाही.

ऑपरेशनच्या टेबलावर डॉक्टर म्हणाले होते, "आता तुम्ही काहीच करायचं नाही." मी मनातल्या मनात हात जोडले. कुणाला, ते विचारत बसलो नाही.